दुर्बिणीतली तिसरी खूण

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. भूल देणारी डॉक्टर म्हणून आयुष्य इथे इंग्लंडातल्या हॉस्पिटलात गेलं, आणि भित्रेपणाचा तिथे उपयोगच झाला. टेबलावरचा माणूस शुद्धीवर येणारच, अशी ज्याला आधीपासून खात्री असते, त्याच्या हाती मी माझं मांजरसुद्धा देणार नाही. पण हॉस्पिटलातल्या भीतीला काम असतं. मुलीने बंदूक घेतल्यापासून जी भीती घरात राहायला आली, तिला काहीच काम नव्हतं. रिकामटेकड्या पाहुण्यासारखी ती नुसती बसून असायची.

मुलगी इथेच जन्मली. ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांवर काम करते आणि वीकेंडला बेसिंगस्टोकला आमच्याकडे आली की जवळच्या एका शेतकऱ्याच्या जमिनीवर हरणं मारायला जाते. त्याने लावलेली कोवळी झाडं हरणं खाऊन टाकतात. या देशात हरणं फार झाली आहेत आणि त्यांना खाणारा लांडगा उरलेला नाही, हे तिने मला इतक्यांदा समजावलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. लायसन्स आहे, परीक्षा दिली आहे, बंदूक लोखंडी कपाटात कुलपात असते. सगळं पटतं. तरी मंडळाच्या दिवाळीत कोणी चौकशी केली की मी ‘ती वॉकिंगला जाते’ एवढंच सांगते. खोटं नाही, चालतेही ती पुष्कळ.

रिटायर झाल्यावर मी तिच्याबरोबर जायला लागले. घरी बसून भ्यायचं, ते शेतात बसून भ्यावं. मन चिंती ते वैरी न चिंती, आणि माझं मन तर या बाबतीत भलतंच हुशार आहे.

बंदुकीवरच्या दुर्बिणीचं प्रकरण तिने मला स्वयंपाकघरात समजावलं. मी पोह्यांना फोडणी देत होते.

“आई, बुलेट सरळ नाही जात. लांब गेला की खाली पडते. मग आपण थोडा वर एम करायचं. किती वर, ते या मार्क्सनी कळतं.”

मी डोळा लावून बघितलं. मधोमध फुली, तिच्याखाली एकाखाली एक बारीक आडव्या खुणा. जनावर जवळ असलं तर फुली त्याच्या छातीवर ठेवायची, लांब असलं तर खालची एखादी खूण. म्हणजे नळी आपोआप तेवढी वर उचलली जाते. तिसरी खूण अडीचशे यार्डांची. कागदाच्या निशाण्यावर गोळ्या झाडून तिने तसं ताडून घेतलं होतं. फक्त एक गोम होती. झूम कमी-जास्त केला की हरीण लहान-मोठं दिसतं, खुणा मात्र तेवढ्याच राहतात. त्यामुळे त्या खऱ्या ठरतात फक्त पूर्ण झूमवर, पंधरावर. झूम पाचवर असताना तीच तिसरी खूण लावली, तर नळी तिप्पट उचलली जाते.

हे मला चटकन कळलं. सिरिंजवरच्या रेघा त्याच, आत औषध तिप्पट कडक. असल्या गोष्टींनी माणसं जातात.

म्हणून मी एक नियम घातला. आमच्याकडे ऑपरेशन थिएटरमध्ये औषध टोचण्याआधी लेबल मोठ्याने वाचतात. तसं चापावर बोट जाण्याआधी तिने बोलून दाखवायचं: अंतर, खूण, झूम, आणि हरणाच्या मागे काय आहे. गोळी चुकली तर ती अडवायला मागे माती हवी. ती हसली, पण म्हणू लागली. लहानपणी टीव्हीकडे डोळा ठेवून शुभंकरोति म्हणायची, तशीच.

त्या दिवशी जानेवारीतली दुपार कलली होती. गवतावरचं गोठलेलं दव दिवसभर विरघळलंच नव्हतं. ती चटईवर पालथी पडून बंदुकीला डोळा लावून होती, मी मागे घडीच्या स्टुलावर. उजेड कमी झाला तशी ती लांबच्या बांधाकडे दुर्बीण फिरवत राहिली, आणि बऱ्याच वेळाने तिचा खांदा आखडला. बांधाच्या पायथ्याशी एक मादी येऊन उभी होती. अगदी आडवी, निवांत.

तिने हातातल्या लेझर यंत्राने अंतर बघितलं आणि पुन्हा बंदुकीला डोळा लावला.

“टू फिफ्टी,” ती पुटपुटली. “थर्ड मार्क. झूम फिफ्टीन. मागे बँक आहे, सॉलिड.”

बँक म्हणजे तो बांध. ऐकायला सगळं बरोबर होतं, पण फार भरभर. शिवाय बोलताना तिचा डोळा काचेवरून हललाच नव्हता. झूमचा आकडा दुर्बिणीच्या वरच्या कडीवर असतो, तो बघायला डोकं उचलावं लागतं. लेबल न बघता पाठ म्हणून दाखवणारे मी थिएटरमध्ये पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांच्या हातून सिरिंज काढूनही घेतली आहे.

“बघून बोल,” मी म्हटलं.

“आई, प्लीज. ते जाईल.”

“जाऊ दे. बघून बोल.”

तिने चिडून डोकं उचललं. चापाजवळचा तिचा हात हळूच मागे आला आणि तिने सेफ्टी लावली.

“पाच,” ती म्हणाली. मराठीत म्हणाली. कमी झूमवर जास्त उजळ दिसतं, म्हणून उजेड गेल्यावर बांध नीट दिसावा यासाठी तिने स्वतःच कडी फिरवून झूम कमी केला होता.

हरीण अजून तिथेच होतं. मग त्याने कान हलवले आणि ते झाडीत गेलं. तिने बोल्ट ओढून गोळी काढली आणि खिशात टाकली. खिशाचं बटण तिला लागेना. मी मनात हिशेब करत होते, थांबवता येत नव्हता: गोळी छातीच्या हातभर वरून गेली असती. हरणाच्या पाठीच्या वर बांधाची जेमतेम वीतभर माती दिसत होती. त्याच्या वर नुसतं आभाळ, आणि पलीकडे आम्ही ज्या वाटेने आलो ती वाट.

परत जायला दुसरी वाट नव्हती. वळणावर एक बाई भेटली. बाबागाडीत लोकरी टोपी घातलेलं बाळ, मागे चिखलाने भरलेला कुत्रा. मुलीच्या खांद्यावरची लांब पिशवी बघून तिने हसून विचारलं, “एनी लक?”

मुलीने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मीच म्हटलं, “नथिंग टुडे.”

बाई म्हणाली, हरणं आम्हालाही दिसतात, आम्ही रोज याच वेळी येतो, बाबागाडीत हलत राहिलं की बाळ झोपतं. बाळ खरोखरच झोपलेलं होतं. मी ते बघितलं, नको असताना बघितलं. मुलगी मात्र बांधाकडे बघत होती. या बाजूने तो कमरेएवढासुद्धा नव्हता.

आम्ही गाडीपाशी आलो. बंदूक ठेवून ती स्टिअरिंगवर हात टेकून बसली.

“मी चिडले तरी विचारशील?”

“विचारीन.”

विचारीन, पण किती वर्षं? हे मी तिला बोलून दाखवलं नाही. माझ्या भीतीला आता काम मिळालं होतं, आणि त्यामुळे ती कमी झाली नव्हती, उलट तिला धार आली होती.

तिने गाडी सुरू केली. मागचा कॅमेरा पडद्यावर रिकामा रस्ता दाखवत होता. ती त्याच्याकडे न बघता सीटवर पूर्ण वळली, मागच्या काचेतून दोन्ही बाजूंना बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, “मागे कोणी नाही.”

मीही वळून बघितलं.