गुलमर्गची तयारी

सिंगापुरातल्या आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकमध्ये एक पुणेकर राहतात. लिफ्टमध्ये भेटले की 'काय, कसं काय' नाहीच, थेट गुलमर्गचं हवामान सुरू. "डिसेंबरात बर्फ विरळच असतो बरं का. स्कीइंग करावं तर जानेवारीत! कोरडा, भुसभुशीत बर्फ. मार्चात दुपारी नुसता चिखल. आणि पार वर हवा अशी, की धडधाकट माणसाला धाप लागते." आपण घामाने निथळतोय, आणि हे शॉर्ट्समध्ये उभे राहून आपल्याला बर्फ शिकवतायत!

तयारी म्हणून हे घरातला एसी दिवसरात्र सोळावर ठेवतात. शरीराला सवय हवी म्हणे! त्यांच्या आई पुण्याहून राहायला आल्यात. परवा भर दुपारी बघते तर त्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, स्वेटर आणि कानटोपी घालून बाकावर बसलेल्या.

"काकू, बरं नाही का?"

"ऊब घ्यायला येते गं रोज. त्याला बोलू नकोस हं काही. हौशी आहे तो."

माझं डोकंच फिरलं. हौस याची, आणि कुडकुडायचं आईने? संध्याकाळी लिफ्टमध्ये त्यांना गाठलंच. "अहो, घरात गारठतात तुमच्या आई! स्वेटर-कानटोपी घालून खाली बसतात रोज."

त्यांचा चेहरा उजळला. "कानटोपी वापरतेय ना? वा! म्हणजे सवय होतेय तिला. जानेवारीत तिलाही नेतोय, पार वर."