मगदूम कंपाउंडर आणि माझी नाडी

आप्पा मगदूम गेल्याचं मला कोरेगावच्या स्टँडवर कळलं. मिरजेच्या गाडीवरचा ओळखीचा कंडक्टर खाली उतरता उतरता म्हणाला, "तुमचा कंपाउंडर गेला की वं गुरुजी, परवा." माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो आणि शाळेत जाऊन नेहमीसारखे दोन तास ड्रिल घेतलं. गळा दाटून येणं वगैरे काही झालं नाही. ज्यांचा दाटून आला त्यांनी तीन आठवड्यांनी मिरजेत शोकसभा घेतली. तिथं जे काही ऐकायला मिळालं त्यानं माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

धावपटूंचे महर्षी, असं एक वक्ते म्हणाले. महर्षी! हा माणूस जन्मात शंभर पावलं पळालेला नव्हता. मिरज स्टेशनचा जिना चढतानाही मध्येच थांबून चपलेत खडा गेल्याचं नाटक करायचा, दम लागलाय हे दिसू नये म्हणून. एका दवाखान्यात तो कंपाउंडर होता. बाटलीत गुलाबी औषध भरायचं, कागदाच्या पट्टीला कातरीनं खाचा पाडून ती डोस कळावेत म्हणून बाटलीला चिकटवायची, ही त्याची विद्या. त्याच्या डॉक्टरांकडे परदेशातून कुठलंसं मासिक यायचं. त्यात लांब पल्ल्याच्या धावपटूंवर एक लेख आला, डॉक्टरांनी तो गंमत म्हणून त्याला समजावून सांगितला, आणि त्या दिवसापासून मिरजेला पळण्याचा प्रशिक्षक मिळाला. एका लेखाच्या जोरावर!

मी माणदेशातला, दहिवडीकडचा. सांगलीला कॉलेजात होतो आणि राहायला मिरजेत, त्या दवाखान्याच्या मागच्या एका खोलीत. आम्ही चौघं होतो, चौघंही पळणारे, म्हणजे कंपाउंडरच्या तावडीत सापडलेले. पहाटे पाचला त्याची सायकल दाराला टेकायची. "उठू नगासा, हाय तसंच पडा," म्हणत तो आत यायचा आणि अंथरुणातच एकेकाचं मनगट धरून घड्याळाकडं बघत बसायचा. झोपेतून उठल्याउठल्याची नाडी खरी, असं त्याचं म्हणणं. मग निकाल. तू पळ, तू निम्मं पळ, तू पड. नाडी रोजच्यापेक्षा दहानं वाढली की त्या दिवशी पळायचं नाही, मग तुम्ही कितीही गयावया करा. एक दिवस जोराचा, दोन दिवस सावकाश. आणि सावकाश म्हणजे किती, तर पळता पळता शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. "बोलता येत न्हाई म्हंजे तू पळत न्हाईस गड्या, मरतुयास," असं सायकलवर आरामात बसलेला हा माणूस आम्हाला सांगायचा.

आमच्या मुलखात कष्ट घामावर मोजतात. तालमीतली पोरं हजार बैठका मारून घामाच्या थारोळ्यात उभी असायची, आणि आम्ही कृष्णाघाटाच्या रस्त्यानं गप्पा मारत दुडक्या चालीनं निघालेलो. एकदा एक पैलवान खो खो हसत म्हणाला, "काय रं, पळायला निघालाय का सोयरीक जमवायला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चोरून पळायला लागलो. विश्रांतीच्या दिवशी संध्याकाळी, कंपाउंडर सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी गेला की मी मालगावच्या रस्त्याला लागून जीव खाऊन पळायचो. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मनगट सोडायचा आणि शांतपणे विचारायचा, "काल कुठं गेलतास?" त्याला नाडीतलं कळतं, असा माझा समज झाला तो असा. आणि सहा महिन्यांत माझा पाच हजार मीटरचा वेळ पाऊण मिनिटानं खाली आला. हे लिहिताना माझी बोटं दुखतात, पण आला.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. आमच्या गावात माणसं दिवसभर खडी फोडत होती, माझे वडीलही. त्याच हिवाळ्यात लष्कराच्या एका पलटणीची माणसं खेळाडू निवडायला सांगलीला यायची होती. पाच हजार मीटरमध्ये पहिल्या तिघांना घेणार होते. मी पहिल्या तिघांत येणार हे मिरजेत सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्याच खोलीतल्या शंकरला, जो माझ्या मागोमाग असायचा, मी एकदाही पुढं जाऊ दिलं नव्हतं. घरी पत्र टाकलं. माझी नोकरी म्हणजे घरची चूल पेटणार होती, दुसरं काही आमच्याकडं उरलं नव्हतं.

त्या दिवशी पहाटे कंपाउंडरनं माझं मनगट धरलं आणि सोडीचना. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. रोजची माझी अठ्ठेचाळीस. त्या दिवशी शहात्तर.

"आज न्हाई पळायचं."

"आप्पा, आज निवड हाय!"

"निवड परत यील. गावात टायफॉइड हाय, दवाखान्यात खाट शिल्लक न्हाई. अंग गार हाय तुजं, पर ताप आत हाय. तापात पाच हजार पळालास तर काळीज बंद पडंल."

आणि मी ऐकलं... त्यानं मला बांधून ठेवलं नव्हतं, दाराला कडी लावली नव्हती. एकोणीस वर्षांचा घोडा मी, एका औषधं ओतणाऱ्या माणसाच्या शब्दावर पांघरूण घेऊन पडून राहिलो. माझ्याइतका गाढव मी दुसरा पाहिलेला नाही. तोंडात थर्मामीटर धरून मी ताप यायची वाट बघत होतो, आणि तिकडं शंकर तिसरा आला.

दुपारी वडील खोलीत आले. ते मैदानावर गेले होते, हे मला माहीतच नव्हतं. पोराला पळताना बघायचं म्हणून कामावर खाडा करून एस.टी.नं आले होते. सगळी शर्यत उभ्यानं बघितली, प्रत्येक फेरीला मला शोधत. "ताप हाय व्हय रं?" म्हणाले आणि खडी फोडून फुटलेला हात माझ्या कपाळावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "गार हाय की." एवढंच. त्यानंतर या विषयावर ते आयुष्यात बोलले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं मी त्यांच्याबरोबर दहिवडीला गेलो आणि खडी फोडायला लागलो. ताप आला नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही.

येणार कुठून? सगळ्या घराचं पोट ज्या शर्यतीवर आहे ती चार तासांवर आली, तर कुणाचं काळीज उडणार नाही? जो कधी एकदा जरी सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला आहे त्याला हे कळतं. कंपाउंडर कधी उभाच राहिला नव्हता. भीतीची नाडी आणि तापाची नाडी यांत फरक असतो हे त्याच्या त्या लेखात नव्हतं, आणि लेखात नव्हतं ते त्याच्या डोक्यात असायचं कारण नव्हतं. त्याची दोन कार्डं आली. 'तब्येत कशी आहे ते कळव. ताप किती दिवस होता?' दोन्ही मी चुलीत घातली. राहू दे त्याला तळमळत, म्हटलं. माझ्या हातात तेवढंच होतं.

आता शोकसभेकडं येतो. तिथं चार वक्त्यांनी चार वेळा आप्पांच्या एका थोर तत्त्वाचा गौरव केला. आप्पा म्हणे कुठल्याही धावपटूच्या मनगटाला हात लावत नसत. ज्याची नाडी त्यानं मोजावी, आज पळायचं की नाही हे ज्याचं त्यानंच ठरवावं. केवढा काळाच्या पुढचा विचार, केवढा विश्वास तरुणांवर! टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढीही अक्कल लोकांना नव्हती. मी मागच्या रांगेत बसून हिशेब जुळवत होतो. हे तत्त्व सुरू झालं ते मी मिरज सोडल्यानंतर. हा विचारबिचार काही नव्हता. हा एका माणसाचा भाजलेला हात होता, आणि ही मंडळी त्याला हार घालत होती.

सभा संपल्यावर काकूंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला घरी बोलावलं. त्याच्या खोलीत बसवलं. कॉट, खुंटीवर कोट, खिडकीत कातर आणि कागदाच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या... काकू दाराशी बसल्या.

"तू दहिवडीचा नव्हं? तुज्यानंतर ह्यांनी कुणाचं मनगट धरलं न्हाई बाबा. मला आजारपणात सुद्दा डाक्टर बोलवायचे. लोक हसायचे, असला कसला कंपाउंडर म्हणून." मग म्हणाल्या, "जायच्या आधी दोन दीस म्हणत हुते, दहिवडीच्याला ताप आलाच असंल. खरं सांग, आलता का रं?"

सात वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर जपून ठेवलं होतं. त्याच्या तोंडावर फेकायचं म्हणून. 'चुकलो' एवढा एक शब्द म्हणायला कोरेगावपर्यंत येण्याची त्याची छाती झाली नाही, याबद्दल मी त्याला आजही माफ केलेलं नाही. पण तोंडावर फेकायला आता समोर तोंडच नव्हतं. दाराशी एक म्हातारी बसली होती.

"आलता, काकू," मी म्हणालो. "दुसऱ्याच दिवशी. तीन आठवडे उठलो न्हाई."

"किती हुता?" शेवटी कंपाउंडरचीच बायको ती.

"एकशे तीन."

काकूंनी डोळे मिटले, पदरानं तोंड पुसलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्यांना वाचता येत नाही. हे त्यांना कुणी वाचून दाखवू नये, एवढी माझी विनंती आहे.

मी त्याच्या कॉटवर एकटाच बसलो होतो. बोटं आपसूक मनगटावर गेली, कशी गेली कळलंच नाही. समोरच्या घड्याळाकडं बघत मिनिटभर मोजलं. शंभराच्या वर. अंगाला हात लावून पाहिला, गार होतं.