भिलवडीचं क्रॉसिंग

गेल्या आठवड्यात रहिमतपूरहून रेल्वेने सांगलीला जाताना शेजारी बसलेल्या मुलाने पिशवीतून नवी पँट काढली. कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास आला आणि मला माझी मुलाखतीची पँट आठवली.

तेव्हा आमच्या पॅसेंजरला भिलवडीला क्रॉसिंग असे. समोरची गाडी जाईपर्यंत अर्धा तास उभं राहायचं. मुलाखतीच्या दिवशी गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, पँट चार बोटं लांब झालीय. ती शिवणारे आमच्या गल्लीतले शिंपी शब्बीरचाचा सोबतच होते. म्हणाले, "काढ रं. भिलवडीला तुरपतो. हलत्या गाडीत सुई चालत न्हाई."

मी त्यांचा टॉवेल गुंडाळून बसलो.

भिलवडीला एका पायाची तुरपाई होते न होते तोच गाडी सुटली! हे क्रॉसिंग बंद करा, असा अर्ज आम्ही प्रवाशांनीच केला होता. पहिली सही माझी. त्याची अंमलबजावणी नेमकी त्याच दिवशी सुरू झाली. अख्खा डबा टाळ्या वाजवत होता आणि मी टॉवेल धरून बसलो होतो.

गाडी मुळातच उशिरा निघालेली, त्यामुळे सांगलीत उतरून पळतच मुलाखत गाठली आणि न तुरपलेला डावा पाय खुर्चीखाली दडवला. साहेबांनी विचारलं, "पायाला काय झालंय?" मी खरं ते सांगितलं. ते पोट धरून हसले आणि नोकरी दुसऱ्याला दिली.

आज मलाही हसू येतं. पण त्या संध्याकाळी सांगली स्टेशनावर मी चाचांकडे पाठ करून उभा होतो. गाडीचा पत्ता नव्हता. बाकावर बसून त्यांनी शांतपणे सुई ओवली.

"पाय ठेव हितं, गड्या. आता लय येळ हाय. परतीची गाडी अजून सुधारली न्हाई."