तळ्यापर्यंत आलेली आई

कार्डिफकर मंडळी, बूट अजून दारातच पडलेत, पण हे आधी सांगते.

आई पुण्याहून आलीये. आज तिला ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांमधल्या एका तळ्यावर घेऊन गेले. कारपार्कपासून जरा वर चढलो आणि एक सपाट दगड बघून तिने नेहमीचं वाक्य काढलं, "तू हो पुढे, मी बसते इथे."

प्रत्येक ट्रिपला हेच. आम्ही सगळे पुढे जातो, आई बॅगा सांभाळत बसते. आज मीही तिच्या शेजारी बसले.

"अगं, माझ्यापायी तुझा दिवस जाईल."

"जाऊ दे की."

फ्लास्कमधला चहा संपला, चिवडाही संपला. समोर मेंढ्या चरत होत्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण हॅलो म्हणत होता आणि आई मान डोलावून उत्तर देत होती. मी काही हलत नाही म्हटल्यावर ती वैतागून उठली. "मेंढ्या बघायला आलोय का इथे? चल!"

थांबत थांबत पोचलो. चहूबाजूंनी हिरवे कडे, मधे शांत, काळंभोर पाणी. बूट-मोजे काढून आईने पाय पाण्यात सोडले. "गार आहे गं," म्हणाली, पण पाय काही काढले नाहीत.

थोड्या वेळाने तिने मला वरच्या शिखराकडे बघताना पकडलं.

"तू हो पुढे," ती हसून म्हणाली. "आता मला खरंच बसायचंय."

तुमच्याकडे बॅगा सांभाळत कोण बसतं?