वाटणीत मागितलेला उकिरडा

मलकापूरच्या शाळेत माझा तास चालू होता, तेव्हा गावाकडचा माणूस दारात येऊन उभा राहिला. अनसूयावहिनी गेली, म्हणाला. तापाचं निमित्त झालं... मी फळ्यावरचं गणित पुरं केलं आणि मगच निघालो. रडू तेव्हा आलं नाही. महिन्याभरानं हे लिहायला बसल्यावर अधूनमधून येतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमारास आम्ही काकांपासून वेगळे झालो. मी नोकरीवाला, त्यामुळे शेती थोरल्या भावाकडे, दादाकडे आली. त्याच्या वाट्याला टेकडीखालचं बरड रान होतं. पाऊस पडला की पाणी पळून जायचं, उघडला की जमीन दगड व्हायची. पंचांनी भांडी वाटली, बैल वाटले, आणि म्हशीपाशी घोडं अडलं. तेव्हा वहिनीनं आतून निरोप पाठवला, की म्हैस काकांकडे राहू द्या, आम्हाला उकिरडा द्या. पंच पोट धरून हसले. दुधावर पाणी सोडून शेणकचरा मागणारी सून गावानं प्रथमच पाहिली.

वहिनी शहाणी, पण उतावळी. उकिरड्याच्या तळाचं जुनं खत आणि वरचं ताजं शेण तिनं पेरणीच्या तोंडावर एकत्रच रानात पसरवलं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी आली. त्या पांढऱ्या अळीनं ज्वारीची मुळं खाल्ली आणि पीक उभ्यानं वाळलं. त्याच सुमारास काकांची म्हैस व्याली. त्यांनी आमच्याकडे वाटीभर खरवस पाठवला, आणि तो आम्ही खाल्लाही. दादानं रान विकून मलकापूरला कापसाच्या जिनिंगात नोकरी धरायचं ठरवलं. गिऱ्हाईक ओसरीवर येऊन बसलं. एरवी पुरुषांच्या बैठकीत न येणारी वहिनी तेव्हा बाहेर आली.

"चूक माही हाये, जमिनीची नाही. मले आणखी दोन पावसाळे द्या. मंग खुशाल इका."

दादानं चहा मागवला. गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं.

मग तिनं गोवऱ्या थापणंच सोडलं. चूल कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर, डोळे धुरानं लाल, आणि शेण सगळं शेतातल्या खड्ड्यात. त्यावर पालापाचोळा, गोठ्यातली मुताची माती, पाणी, आणि वरून चिखलाचा लेप. आतलं सगळं काळं, भुसभुशीत होऊन शेणाचा वास गेल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मी एकदा ऐटीत सांगितलं, की पुस्तकात याला ह्यूमस म्हणतात, ते पाणी धरून ठेवतं, माती मोकळी करतं, मुळांना हवा मिळते. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मंग पुस्तकवाल्यायनं बी हुमणी पायली असंन."

दुसऱ्या पावसाळ्यात पावसानं ओढ दिली. आमचं बरड मात्र खाली ओलं होतं. कणसं काही मोठी नव्हती, पण दाणा भरला. रान विकायची भाषा दादानं पुन्हा काढली नाही.

वहिनीचं तेरावं झाल्यावर, ऐन थंडीतल्या सकाळी, दादा मला शेतात घेऊन गेला. खड्ड्याच्या लेपाला एके ठिकाणी भोक पाडून म्हणाला, "हात घाल." मी घातला. आत चांगलीच ऊब होती.

"तिनंच भरला," दादा म्हणाला. "आजारी पडाच्या आंधी."

खत केव्हा काढायचं, असं मी विचारलं.

"अजून कच्चं हाये. घाई नाही कराची."

त्यानं चिखल घेऊन भोक लिंपलं. लिंपून झालं, तरी त्याचा हात बराच वेळ तिथेच होता.