अण्णांसाठी वाजायचा राहिलेला पत्रा

नाशिक, नाशिक रोड आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या तमाम सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बापू गेल्यापासून मुका झालेला आमच्या वर्कशॉपातला पत्रा परवा पुन्हा वाजला. तोही भर शोकसभेत. शेजारच्या कारखान्यातली माणसं चहाचे ग्लास हातात घेऊन आमच्या फाटकापर्यंत धावत आली. श्रद्धांजली वाहताना पत्रे बडवणारी ही कुठली जमात, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. त्यांचा काही दोष नाही. त्यांनी बापूंसोबत काम केलेलं नव्हतं...

बापू गेले ते एका रविवारी सकाळी, नाशिक रोडच्या घरी, पेपर वाचता वाचता. मंदावहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांचा चहा तसाच राहिला," एवढंच त्या बोलल्या. मी बोलघेवडा माणूस. बापू मला "नाटक्या" म्हणूनच हाक मारायचे. पण त्या दिवशी मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि निघालो.

आम्ही पंप आणि मोटारींची कंट्रोल पॅनलं बनवतो. म्हणजे माणसाएवढी लोखंडी कपाटं आणि आत तारांचं जंगल. बापू निवृत्त होईपर्यंत वर्कशॉपचे प्रमुख. मी स्टोअर सांभाळतो. स्क्रू आणि अफवा, दोन्ही माल माझ्याकडे कायम शिल्लक असतो. आमच्या मधल्या खांबाला पॅनलचं एक रिजेक्ट झालेलं दार तारेनं टांगलेलं आहे. तोच तो पत्रा. तो बापूंनीच टांगला होता, ऐन उमेदीत, निव्वळ गंमत म्हणून. ज्याचं पॅनल टेस्टिंगला नापास होईल त्याला खांबाखाली उभं करायचं, आणि बाकीच्यांनी पान्यानं पत्रा बडवायचा. काय धमाल यायची! एखाद्याची वायर उलटी लागली रे लागली की सगळं वर्कशॉप वरातीसारखं नाचायचं.

मग सटाण्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. आमच्या पॅनलला हात लावताच त्याच्या भावाला विजेचा झटका बसला होता. माणूस वाचला, नशीब. पॅनल परत आलं, उघडलं, तर आत एक वायर सैल. ते जोडणारा संतोष मान खाली घालून उभा.

"तुला माहीत होतं?" बापूंनी विचारलं.

"शंका होती, बापू."

"मग बोलला का नाहीस?"

"पत्रा वाजला असता ना..."

बापू वळले. खांबापाशी गेले आणि आपण टांगलेल्या त्या दाराकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे ते उतरवणार.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात मालकांनी त्यांना त्र्यंबक रोडवरच्या हॉटेलात 'प्रेरणा शिबिरा'ला धाडलं. तिथे एका कोटवाल्या माणसानं सगळ्यांना खुर्चीवर चढवून "मी बदल घडवणार!" असं ओरडायला लावलं म्हणे. बापू परत आले तेव्हा मी दारातच गाठलं. "काय बापू, मिळाली का प्रेरणा?"

"मिळाली ना. गुलाबजामही मिळाले."

"मग आता काय घडवणार?"

"प्रेरणा मला संतोषनं आधीच दिलेली होती रे," ते म्हणाले, आणि मला थेट खांबापाशी घेऊन गेले.

पत्रा त्यांनी उतरवला नाही. त्यांनी नियम फिरवला. जो आपली चूक टेस्टिंगच्या आधी स्वतःहून सांगेल, त्याच्या सन्मानार्थ पत्रा वाजेल आणि त्याला बापूंच्या खिशातून मिसळ. ज्याची चूक दुसऱ्यानं पकडली, त्याच्यासाठी शुकशुकाट. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात कुणी ब्र काढेना. गावासमोर आपली चड्डी कोण सोडणार? तेव्हा बापू स्वतःच उभे राहिले. "काल मी केबल चुकीच्या मापाची मागवली," म्हणाले, आणि स्वतःच पाना उचलून ठणाठणा पत्रा वाजवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. लोक हसायचे, पण तोंडावर हात ठेवून. मी विचारलं, "बापू, इतक्या चुका आणता कुठून?"

"मंदा पुरवते," ते म्हणाले. "तिच्याकडे भरपूर साठा आहे."

शेवटी एका सकाळी संतोष पुढे आला. आवाज चिरकलेला. "बापू, माझ्या पॅनलचे दोन फेज अदलाबदल झालेत बहुतेक, मोटार उलटी फिरेल." बापूंनी असा पत्रा वाजवला की कबुतरं उडाली. त्यानंतर मात्र बांध फुटला. माणसं मिसळीसाठी नाही हो, त्या आवाजासाठी चुका सांगू लागली. पॅनलं परत यायची जवळपास थांबली. मालकांनी बापूंचं कौतुक करायला सगळ्यांना जमवलं, तर बापूंनी त्यातही एक चूक काढली: मालक संतोषचं नाव घ्यायला विसरले होते.

हे वेड त्यांनी घरीही नेलं. मीनलला, त्यांच्या मुलीला, न विचारता त्यांनी सटाण्याच्या एका स्थळाला होकार कळवून टाकला होता. मीनलला आधी पुढचं शिकायचं होतं. पाहुणे पोहे खायला हजर, मीनल आत रडतेय, मी सोफ्यावर शेव चिवडतोय. आणि बापू अचानक उठले, ताट घेतलं, पळीनं ठाणठाण वाजवलं आणि पाहुण्यांच्या गावच्या बोलीत म्हणाले, "चूक मनी शे, पोरनी नही." चूक माझी आहे, पोरीची नाही, हे ऐकून पाहुणे आधी भांबावले, मग भडकले. सासरेबुवा होता होता राहिलेले गृहस्थ पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, "आम्हाला बोलावून ताट वाजवता होय?" बापूंनी हात जोडले, ताट काही खाली ठेवलं नाही. मीनल आज पुण्यात शिकवते. मंदावहिनींनी ते ताट स्वयंपाकघरात खिळ्याला लावलं, आणि सर्वात जास्त कुणासाठी वाजलं हे मी सांगायला नको.

पण एका माणसापुढे बापू हरले होते. आमचे दामूअण्णा. शेवटची तपासणी त्यांची. अण्णांनी 'ओके'चा शिक्का मारला की पुढे बघणारं कुणी नाही. पॅनल थेट गाडीत. आणि अण्णा कधीच चुकत नसत, निदान त्यांच्या मते. "चूक? बापू, ती तुमच्याकडे होते," असं म्हणून खिशातलं पेन सरळ करायचे. बापू मला म्हणायचे, "नाटक्या, संतोष बोलला तर एक पॅनल सुधारतं. अण्णा बोलले ना, तर मी निर्धास्त घरी जाईन. हा पत्रा मला एकदा अण्णांसाठी वाजवायचाय." निवृत्त झाल्यावरही दर मंगळवारी भाजीची पिशवी घेऊन यायचे आणि आल्या आल्या विचारायचे, "वाजला का?" मी मान हलवायचो. "अजून नाही? बरं. पुढच्या मंगळवारी बघू."

त्यांच्यामागे पत्रा थांबलाच. कुणाचा हातच होईना. त्या दिवसांत कुणी चूक सांगितली का? माझ्या कानावर तरी आली नाही. आणि माझ्या कानावर न येणं ही फार वाईट खूण असते. जुनं वर्कशॉप परत येतंय की काय, असं वाटायला लागलं.

परवा शोकसभा झाली. खांबापाशी बापूंचा फोटो, झेंडूचा हार, वर पत्रा. मंदावहिनी पहिल्या खुर्चीत. बाहेर टेम्पो उभा, त्यात मनमाडच्या पाणीपुरवठ्याचं पॅनल, अण्णांचा शिक्का मारलेलं. दोन मिनिटं स्तब्धता सुरू झाली आणि ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं टेम्पो चालू केला. मी डोळे किलकिले केले. समोर अण्णा... कपाळावर घाम, हात पेनापाशी, नजर फोटोवर. टेम्पो हलला. अण्णांचे ओठ हलले. आणि त्या शांततेत, कुणी मेल्यावर ओरडावं तसे ते ओरडले, "ए थांबव! थांबव गाडी! अर्थिंग मी तपासलंच नाही... तसाच शिक्का मारला!"

संतोष धावला. पॅनलचं दार उघडून पाहिलं. अर्थिंगची तार मोकळी लोंबत होती. ओल्या हातानं कुणी त्या कपाटाला टेकलं असतं तर... जाऊ द्या. टेम्पो थांबला होता.

वर्कशॉपात सगळे पुतळे. अण्णा खांबाखाली, मान खाली घालून, अगदी संतोषसारखे. मंदावहिनी उठल्या. पदर खोचला, खांबाच्या खिळ्यावरचा पाना काढला आणि दोन्ही हातांनी असा पत्रा हाणला की बापूंच्या फोटोवरचा हार घसरला. मग फोटोकडे वळून, भांडल्यासारख्या मोठ्यानं त्या म्हणाल्या,

"अहो, ऐकलंत का? अण्णा चुकले!"