खांबानं केबल सोडावी

यवतमाळच्या पांढरीपांडे घराण्यात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. खुर्चीत बसून राहण्याचं बळ त्या घरात वारशानं यायचं. नीळकंठकडे ते आलंच नाही. पन्नाशी उलटली तरी तो जेवताना दोनदा उठायचा, खिडकीशी जाऊन यायचा. त्याची बायको रजनी म्हणायची, "खाटेले पट्टा लावून घेत जा. झोपेतही चालून राह्यले तुम्ही."

महामार्गाच्या दुभाजकावरचे केबलचे कठडे तो आखायचा. सुटलेली गाडी दुभाजक ओलांडून समोरच्या गाड्यांवर जाऊ नये, केबलनं तिला झेलावं. खांब मुद्दाम दुबळे ठेवायचे. धक्का बसला की खांबानं आडवं व्हावं, पण केबल आकड्यातून सुटून वरच राहावी, गाडीच्या पोटाशी. पडताना खांबानं केबल सोडावी. सगळी विद्या एवढीच, आणि तीच त्याला झोपू देत नव्हती.

कंपनीनं मुरमाड जमिनीवर चाचणी उरकून ठेवली होती. नीळकंठ हटून बसला. आर्णीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्या मातीचा भरवसा त्याला वाटेना. अखेर आर्णीजवळच्या, अजून न उघडलेल्या रस्त्यावर कठडा उभा राहिला. चाचणीत तो पास झाला तर पुढच्या सगळ्या रस्त्यावर हाच कठडा लागणार होता. नाही तर काँक्रीटची भिंत ठरलेली होती.

मध्ये पोळा आला. गावाचं तोरण रस्त्यापलीकडच्या मारुतीपाशी बांधलं जायचं. कठड्याच्या राखणीला ठेवलेला गावचाच रामधन येऊन उभा राहिला.

"साहेब, बैल काय केबलखालून रांगत जातीन?"

"शिंगं लहान कर त्यायची."

"तुमच्या घरचे बैल असते तर असं बोल्ले असते का?"

नीळकंठ हसला. एका दिवसासाठी त्यानं ताण सोडवून केबल खाली उतरवून दिल्या. झुली पांघरलेले, बेगड लावलेले बैल त्यांवरून पलीकडे गेले. तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांचा, त्या सवाली गाण्यांचा, आवाज शेतापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी रामधननं केबल पुन्हा आकड्यांत बसवल्या, यंत्रानं ताण दिला गेला.

चाचणीच्या सकाळी नीळकंठ टोकाच्या काँक्रीटच्या ठोकळ्याभोवतीच घिरट्या घालत होता. सगळा ताण तिथं अडकलेला. माती सरकली का, चीर पडली का, तो वाकून बघायचा, उठायचा, पुन्हा वाकायचा. खांबांकडे त्यानं पाहिलंच नाही. खांबांवर त्याचा विश्वास होता.

वाळूची पोती भरलेली जुनी गाडी, आत माणूस नाही, ट्रकच्या दोरानं वेगात ओढून सोडली. ती कठड्याला तिरकी भिडली. खांब आडवे झाले. आणि त्यांच्याबरोबर केबलही मातीत गेल्या. गाडी त्यांवरून पलीकडच्या रस्त्यावर जाऊन उलटली. चाकं फिरत राहिली.

नीळकंठ धावला. ठोकळा जागच्या जागी होता. मातीनं दगा दिला नव्हता. पडलेल्या खांबाच्या पाठीमागं, आकड्याखाली, बारीक तारेचे वेढे दिसले. घट्ट, एकसारखे. केबल खांबाला बांधलेली होती.

"हे कोणं केलं?"

"मीनं," रामधन म्हणाला. "पोळ्यानंतर आकड्यात सैल वाटली मले. ऐन वक्ताले निसटली तर तुमचंच नाव खराब होईन म्हणून..." त्यानं उलटलेल्या गाडीकडे पाहिलं.

प्रकल्पप्रमुख सुरभीबाई शांतपणे म्हणाल्या, "छेडछाड झाली आहे. चाचणी रद्द समजू. आठवड्यात दुसरी घेऊ, तुमचा कठडा पास होईल."

नीळकंठ गाडीपर्यंत जाऊन परत आला.

"रद्द कशी? गाडी तर गेली ना पलीकडे."

"माणसानं बांधल्यामुळे गेली."

"मग माणसं बांधणारच की. प्रत्येक गावात कोणीतरी काळजीचा माणूस असतोच. सैल दिसलं की आवळतो. नापास समजा."

"खांब नव्यानं आखेपर्यंत भिंतीचा निर्णय होऊन जाईल. कळतंय ना?"

त्याला कळत होतं. मान हलवताना त्याचे पाय चिखलातल्या खांबांकडे वळले होते.

महिनाभरात त्यानं नवा खांब आणला. आकडा बाहेरून नाही, म्हणजे तार बांधायला जागा नाही. खांबाला वरून खाच, केबल आत, वर खांब पडताना उडून जाणारी टोपी. भिंतीचा निर्णय अजून झाला नव्हता, पण कधीही होऊ शकत होता. खांब जमिनीत रोवून त्यानं रामधनच्या हातात तारेचं वेटोळं दिलं.

"बांध."

"आता कायले लाजवता साहेब?"

"लाजवत नाही. मनापासून बांध. या खांबाला हरवून दाखवतो म्हण."

रामधन खांबाभोवती फिरला. टोपीवरून तार टाकून पाहिली, ती घसरली. खाचेत घातली, बाहेर निघाली. मग खाली बसून टोपी आणि खांब मिळून असा फास मारला, की केबल आतच जखडली.

"जमलं!" तो ओरडला, आणि लगेच ओशाळून तार सोडवू लागला.

नीळकंठनं खांब उपटून घरी नेला. रजनीनं दाराशीच विचारलं, "हा आता आपल्यात राहून राह्यला का?"

त्यानंतरचा खांब टोपीला उतार देऊन आला. रामधन दुपारभर त्याला झोंबला. तार दर वेळी सुटली. शेवटी त्यानं वेटोळं फेकलं. "नाही बांधल्या जात, साहेब. बसा आता निवांत."

नीळकंठ बसला. क्षणभरच. मग उठला, खांबाभोवती एक फेरी मारली.

"तुझ्यापेक्षा पक्की गाठ गावात कोण मारते?"

"लखीराम. बैलाचे कासरे तोच वळते."

"बोलाव त्याले."